बसलेल्या क्रमानं

त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. दारातच म्हणाले, "बूट दाखव."

मी पायांकडे पाहिलं. "घातलेत," मी म्हणाले.

"वरून नाही. खालून."

उंबऱ्याशी पत्र्याचं एक ताट होतं आणि त्यात कालवलेली लाल माती. आधी डावा, मग उजवा पाय त्यात ठेवायचा आणि बाजूच्या कोऱ्या कागदावर उमटवायचा. माझ्या पुढच्या दोघीतिघींनी ते हसत हसत केलं. मीही केलं, कारण सगळ्यांसमोर नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. पण माझे ठसे ते चष्मा कपाळावर सरकवून इतका वेळ बघत बसले, की या माणसाला यापुढे आपल्याबद्दल फारसं काही कळू द्यायचं नाही, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

त्यांना सगळे 'कंट्रोलर' म्हणत. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. कुठली गाडी किती वाजता सुटली, कुठली अजून आली नाही, एवढंच तीसेक वर्षं वहीत लिहिलं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, वही सुटली नाही. जुन्या पनवेलला तळ्यामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पनवेलहून रविवारी डोंगरात जाणारे आमच्यासारखे ग्रुप शनिवारी संध्याकाळी तिथं जाऊन नावं लिहून येत, आणि उतरल्यावर पायथ्याच्या गावातून त्यांना फोन करत. दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. मोबाईल बहुतेकांकडे आले होते, पण कर्नाळ्याच्या मागे गेलं की त्यांचा उपयोग फक्त वेळ बघायला.

मी एकोणीस वर्षांची होते. वडिलांनी नवीन पनवेलला फ्लॅट घेतला म्हणून आम्ही मुंबईहून आलो होतो. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी मागे राहिलेल्या, आणि बोलायची सवय मुळातच कमी. कॉलेजमधल्या अभयदादाचा ट्रेकिंगचा ग्रुप होता. त्यात न बोलता चालता येतं, म्हणून मी गेले. वाटेत असं एक घर लागेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पहिल्या संध्याकाळी ते ठशांवर थांबले नाहीत. घरी कोण कोण असतं? वडील किती वाजता येतात? कमी बोलतेस की आजच कमी बोलतेयस? अंधाराची भीती वाटते का? एका म्हाताऱ्या माणसाला हे सगळं कशाला हवं, असा प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच पडलेला दिसत नव्हता. मग त्यांनी घरचा फोन नंबर विचारला तेव्हा मी शेवटचा आकडा बदलून सांगितला. पकडले गेलेच तर मराठी आकड्यांत माझा गोंधळ होतो, हे निमित्त तयार ठेवलं होतं. ते खरंही होतं. पण त्या दिवशी गोंधळ अजिबात झाला नव्हता.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"अनघा. रोल नंबर..." तोंडातून सवयीनं निघून गेलं. कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर तेच लिहावं लागे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या शाळेत नाव शिकवतात, की नुसता नंबर?"

सगळे हसले. मी मान खाली घातली आणि त्यांच्याबद्दल जे ठरवलं होतं ते आणखी पक्कं केलं.

नंतरच्या दोन-तीन शनिवारी मला कळलं, की मी एकटीच संशयी नव्हते. ते माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होते. 'चारपर्यंत उतरू' असं कुणी म्हटलं की ते 'साडेपाच' लिहीत. 'सगळे अनुभवी आहेत' म्हटलं की विचारत, "कसले?" आणि मोबाईलचं नाव काढलं, की टेबलावरच्या क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेल्या आपल्या काळ्या फोनवर हात ठेवत. "रेंज नसते हा त्याचा दोष नाही," ते म्हणत. "पण रेंज असली तरी तो काय सांगणार? तू कुठे आहेस ते. तुझ्याबरोबर कोण नाही, ते सांगतो का?"

काकी आतून चहा आणता आणता म्हणायच्या, "यांचा माझ्यावरसुद्धा विश्वास नाही गं. कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजतात."

"तू दोनाच्या तीन सांगतेस," ते म्हणायचे.

"एकदा सांगितल्या. एकोणीसशे ऐंशी साली."

पण सगळ्यात जास्त संशय त्यांना आकड्यांचा होता. ग्रुप उतरल्याचा फोन आला आणि कुणी 'बारा गेलो, बारा आलो' म्हणालं, की ते म्हणत, "बारा नको. नावं सांग." लीडर वैतागत. एकजण माझ्यासमोर म्हणाला होता, "काका, आकडा जुळला की झालं ना!" तर हे म्हणाले, "आकडा कशानंही जुळतो." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. विक्षिप्त म्हातारा, एवढंच वाटलं.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही माणिकगडला गेलो. सतराजण होतो, त्यातले सहा-सातजण अगदी नवे. कोण कुणाचा मित्र याचा पत्ता नव्हता. गडावर टाक्याचं पाणी प्यालो, समोर कर्नाळ्याचा सुळका पाहिला, फोटो झाले आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर एक माळ आहे. तिथं डबे खायला बसलो. उरणचा एक मोठा ग्रुपही तिथंच बसला होता. दोन्हीकडच्या चटण्या इकडून तिकडे गेल्या.

मला बाजूला जायचं होतं. मुलींमध्ये कुणाला तरी 'जाऊन येते' एवढंच सांगायचं होतं, पण शेजारी मुलगे बसले होते आणि मला ते दोन शब्द बोलवेनात. मी गुपचूप उठले आणि करवंदीच्या जाळ्यांमागे बरीच आत गेले. परत आले तेव्हा आमचा ग्रुप निघून गेला होता. उरणवाले होते, पण त्यांना विचारायचं म्हणजे सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघायचं. मी घाईनं जी पहिली वाट दिसली ती धरली. ती गुरांची वाट होती. पाऊण तासानं ती एका कोरड्या ओढ्यात संपली.

मोबाईलवर एकही दांडी नव्हती. तेव्हा मला त्या घराच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं वाक्य आठवलं: 'चुकलात तर चालू नका.' खाली बारीक अक्षरात: 'तुम्ही शहाणे असलात तरी.' मी एका दगडाला पाठ लावून बसले.

खाली गावात काय झालं ते मला नंतर अभयदादानं सांगितलं. देवळासमोरच्या पारावर सगळे बसले, त्यानं डोकी मोजली, सतरा भरली. पनवेलची गाडी लागलेली होती. समोरच्या दुकानातून त्यानं घाईघाईनं फोन केला.

"काका, सतरा. सगळे आलो."

"नावं."

अभयदादानं खिशातून यादी काढली आणि भराभर सतरा नावं वाचली.

"कागद खिशात ठेव," कंट्रोलर म्हणाले.

"काका, गाडी सुटतेय."

"सुटू दे. सहाला दुसरी आहे. तू माझ्या वहीच्या क्रमानं वाचलंस. माणसं वहीच्या क्रमानं बसत नाहीत. पारावर आहेत ना? डावीकडून सुरू कर. बसलेल्या क्रमानं. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून."

अभयदादा मनातून चिडला होता, असं त्यानं कबूल केलं. फोनची वायर ताणून तो दुकानाच्या दारात उभा राहिला आणि एकेक तोंड बघून नाव सांगू लागला. अकरावा माणूस निळ्या टोपीवाला होता. तिशीचा, हसरा. माळापासून आमच्याबरोबर गप्पा मारत उतरला होता. नव्यांपैकीच कुणीतरी, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

"तुमचं नाव?"

त्यानं नाव सांगितलं. "मी उरणवाल्यांच्यातला. ते फार हळू चालतात हो, म्हणून जरा पुढे आलो."

पुढची तोंडं त्यानं दोनदा पाहिली. "काका, अनघा नाहीये."

कंट्रोलर ओरडले नाहीत. म्हणाले, "शेवटचं कुणी पाहिलं ते विचारत बसू नको. सगळे खोटं सांगतील. खरं वाटून खोटं सांगतील. जेवायला कुठे बसला होतात, तेवढं सांग. आणि दुकानदाराला म्हणावं, बाळारामला बोलव."

बाळाराम हा त्या गावातला गुराखी. पूर्वी मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर त्याच्या ओट्यावर झोपत, त्या काळापासूनची कंट्रोलरांची ओळख. आजूबाजूच्या प्रत्येक गावात त्यांचा असा एकेक ओटा होता. ते त्याला फोनवर काय म्हणाले, ते अभयदादानं शेजारी उभं राहून ऐकलं. डाव्या बुटाच्या टाचेला चांदणी आहे, तिचा एक कोपरा झिजलाय. माळावरून गुरांच्या वाटेला बघ. हाका मारत सुटू नको. ती ओ द्यायची नाही.

हे सगळं मला माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की ऊन पिवळं व्हायला लागलं आहे आणि वरून एक अनोळखी माणूस खाली बघत बघत येतो आहे, हातात कोयता. मी दगडामागे सरकले आणि श्वास धरला. त्यानं हाक मारली असती तर मी आणखी आत पळाले असते. नक्की.

त्यानं हाक मारली नाही. बराच अलीकडे थांबला. उकिडवा बसला, कोयता जमिनीवर ठेवला आणि पायानं लांब सारला. मग माझ्याकडे न बघता, ओढ्याशी बोलावं तसं म्हणाला, "बाय, मी बालाराम. मना कंट्रोलर सायबांनी पाठवलाय. त्यांनी इचारलंय, तुमच्या शालेत नाव शिकवतात, का नुसता नंबर?"

मी दगडामागून उठले. "नाव शिकवतात," मी म्हणाले, आणि माझं, वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही सांगितलं. इतक्या मोठ्यानं मी शाळेतही कधी बोलले नव्हते.

"परत सांग बाय, नीट," तो म्हणाला. "मना जाऊन त्यांना सांगायचा हाय. चुकला त मना परत वर धाडतील."

गावात पोचलो तेव्हा उजेड होता. अभयदादा रडवेला झाला होता. निळ्या टोपीवाला सारखा माफी मागत होता. दुकानदारानं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"कोण?"

"अनघा."

"पूर्ण."

मी पूर्ण सांगितलं.

"शेजारी कोण उभं आहे?"

"बाळारामकाका. मग अभयदादा. मग दुकानदार, त्यांचं नाव..." मी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं. "त्यांचं नाव नारायण."

"तोंडं बघून सांगितलंस?"

"हो."

"बस." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. आभार मानायला, असं आईला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मी ओ देणार नाही हे या माणसाला कसं कळलं, हा किडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी तो प्रश्न अडखळत विचारला. त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. माझ्या ठशांच्या कागदाखाली त्यांच्या सरळ, दाबून लिहिलेल्या अक्षरात होतं:

'नंबर खोटा दिला. लावून पाहिला, भलत्याच बाईंनी उचलला. विचारलं नाही. अनोळखी माणसाला घरचा नंबर देत नाही, चांगली गोष्ट. कमी बोलते, मागे राहते. हाकेला ओ देणार नाही. खूण लागेल.'

मी कशीबशी म्हणाले, "काका, आता खरा नंबर देते."

"विश्वास बसला म्हणून देतेस, की लाज वाटली म्हणून?"

मी वहीची कड चाचपत राहिले.

"मग राहू दे," ते म्हणाले. "लाजेनं दिलेला नंबर माणूस पुढच्या वेळी पुन्हा बदलतो."

त्या दिवशी काकींनी मला स्वयंपाकघरात बसवून हळूच सांगितलं, की यांची ही खोड आमच्या लग्नातली. वऱ्हाड चाळीस माणसांचं आलं होतं. परत निघताना यांच्या मामांनी टेम्पोतली डोकी मोजली, बरोबर चाळीस. निघाले. घरी पोचल्यावर कळलं, यांची मावशी माझ्या माहेरच्या देवळातच राहिली. "मी वाढले होते ना एक!" काकी पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "नवरी मोजली आणि मावशी राहिली. बारा वर्षं बोलली नाही ती आमच्याशी."

"तेरा," बाहेरून आवाज आला.

त्यानंतर मी दर शनिवारी जाऊ लागले. ट्रेकला असले तर ठसे द्यायला, नसले तर ठसे घ्यायला. माती किती पातळ हवी, ते त्यांनी मला शिकवलं. रविवारी फोनवर मी बसायला लागले. पहिल्या रविवारी एका लीडरनं 'नऊ' म्हटल्यावर माझा आवाजच फुटेना. कंट्रोलर समोर पेपर वाचत बसले होते. पेपराआडून म्हणाले, "तू विचारलं नाहीस तर तो नऊच सांगणार." मी विचारलं. पुढे मला अनोळखी माणसांना प्रश्न विचारता येऊ लागले, नोकरीच्या मुलाखतीतही, त्याचं मूळ त्या काळ्या रिसीव्हरमध्ये आहे. पण ते माझं कौतुक कधी करत नसत. मी लिहून झालं की वही ओढून घेत आणि पहिल्यापासून तपासत. आठ वर्षांत वहीला कुलूप घालायचं त्यांनी एकदाही चुकवलं नाही, आणि किल्ली मला एकदाही दिली नाही.

मग डोंगरांवर टॉवर आले. ग्रुप आपली जागा फोनवरच सगळ्यांना दाखवू लागले. शनिवारी येणारी माणसं कमी झाली. काकी गेल्या. कंट्रोलरांना डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, आणि त्यांची मुलगी उषाताई त्यांना नाशिकला न्यायला आली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते बांधलेल्या सामानातल्या पिशव्या मोजत नव्हते, एकेकीला हात लावून नाव घेत होते.

"ठशांचं ताट घेऊन जा," ते मला म्हणाले. "वही अजून नाही."

मला वाईट वाटलं. आठ वर्षांनंतरही! पण मी फक्त म्हणाले, "पोचलात की फोन करा."

"कुठल्या नंबरावर?"

मी वही मागितली. त्यांनी कुलूप काढलं. त्या जुन्या पानावर माझ्या ठशांची माती वाळून भुकटी झाली होती, चांदणी मात्र शाबूत होती. खोट्या नंबराखाली मी खरा लिहिला. घरचा, आणि माझा मोबाईलही.

"लाजेनं?"

"नाही."

त्यांनी वही बंद केली. बरं, किंवा छान, असं काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "पोचलो."

"नावं," मी म्हणाले.

ते म्हणाले, "मी. उषा. जावई, प्रकाश. तिघं."

"बसलेल्या क्रमानं?"

"बसलेल्या क्रमानं."

मी 'बरं' म्हणून ठेवणारच होते. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी खोकलं. सुका, म्हाताऱ्या माणसाचा खोकला. कंट्रोलरांचा खोकला मी ओळखत होते, हा त्यांचा नव्हता. जावई तर चाळिशीचा.

"काका, खोकलं कोण?"

मग ते हसले. आठ वर्षांत त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. ते काकींसारखं होतं.

"शेजारचे आप्पा," ते म्हणाले. "नाव मुद्दाम सोडलं होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या सकाळच्या पनवेल गाडीच्या कंडक्टरकडे वही देतो. किल्ली आत चिकटवलेली असेल," ते म्हणाले. "घेताना त्याचं नाव विचार. पूर्ण."

दुसऱ्या दिवशी मी गाडी लागायच्या अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन उभी राहिले. कंडक्टर खाली उतरला, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही. मी पुढे होऊन नाव विचारलं, तर त्यानं आधी माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "आधी बूट दाखवा. त्यांनी बघून द्यायला सांगितलंय."